आपला तो इशारा, त्यांची ती दर्पोक्ती

दिवाळीच्या अंकात शिमग्याचा विषय काढू नये, हे मलाही कळते. म्हणून निदान सुरुवात तरी दिवाळीपासून करतो.

२१ एप्रिल २०१९, रविवार. लोकसभा निवडणुकीची धामधूम चालू होती. राजस्थानात बाडमेरच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी बोलत होते. आमच्याकडे अणुबॉम्बचे बटण आहे, असे पाकिस्तान ऊठसूट बजावत असते. मग आपल्याकडे आहे ते काय दिवाळीसाठी राखून ठेवले आहे, असा त्यांनी सवाल केला. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे इंदुरात, रामबागेतल्या आमच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलेली सात-आठ माणसे पोट धरून हसली. त्यांत मीही होतो.

आता त्याच्या अडीच वर्षे मागे जाऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ एका वाहिनीवर म्हणाले होते, की ही शस्त्रे आम्ही काही शोभेसाठी ठेवलेली नाहीत. दिवाणखाना तोच, माणसे जवळपास तीच. तेव्हा कुणी हसले नव्हते. "असल्या माथेफिरूंच्या हातात अणुबॉम्ब!" असे आमचे थोरले मेहुणे म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

ही दोन वाक्ये जरा शेजारी ठेवून पाहा. 'शोभेसाठी ठेवलेला नाही' आणि 'दिवाळीसाठी ठेवला आहे का?' शाळेत व्याकरणाच्या पेपरात प्रश्न असायचा: पुढील वाक्य अर्थ न बदलता प्रश्नार्थी करा. त्या प्रश्नाचे इतके चोख उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही. अर्थ बदललेला नाही, बदलले ते आपण. एका वाक्याने आपल्याला गुदगुल्या झाल्या, दुसऱ्याने आपल्या अंगावर काटा आला. आणि हे मेहुण्यांना तर नाहीच, पण ज्याने सारी हयात असल्याच वाक्यांवर मथळे देण्यात घालवली, त्या मलाही तेव्हा जाणवले नाही.

इथे माझी ओळख सांगणे भाग आहे. इंदुरात मराठी माणसाने हिंदी पत्रकारिता करावी, यात नवल काही नाही. राहुल बारपुते 'नई दुनिया'चे संपादक होते, तेव्हापासून ती वाट मळलेली आहे. मी त्या वाटेवरचा अगदी साधा वाटसरू. १९८१ पासून २०१२ पर्यंत मी इथल्या एका हिंदी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. बाहेरदेशच्या बातम्या माझ्याकडे. बातमी वार्ताहर लिहितो, अग्रलेख संपादक लिहितात. पण वाचकाच्या डोक्यात सकाळी चहाबरोबर जे उतरते, तो मथळा रात्री एक वाजता जांभया देणारा उपसंपादक लिहितो. आणि मथळ्यात सगळा जीव असतो तो क्रियापदात.

आमच्या मेजावर न लिहिलेला एक नियम होता. पलीकडचा पुढारी काहीही बोलला तरी तो कधी 'म्हणत' नसे. तो 'ज़हर उगलत' असे, 'भड़काऊ बयान' देत असे, नाहीतर त्याची 'गीदड़भभकी' असे. आपला पुढारी मात्र 'दो टूक' बोले, 'चेतावनी' देई, 'मुँहतोड़ जवाब' देई. मराठी पत्रे घरी येतच होती. तिथे तरी काय वेगळे होते? ते बरळतात, गरळ ओकतात, वल्गना करतात, कांगावा करतात. त्यांचा थयथयाट होतो, जळफळाट होतो, त्यांची दर्पोक्ती असते. आपण ठणकावतो, खडसावतो, खडे बोल सुनावतो, सज्जड दम देतो. फारच झाले तर 'गर्भित इशारा' देतो. मराठीची शब्दसंपत्ती मोठी आहे याचा मला अभिमान आहे, पण या एका कामी ती जरा जास्तच मोठी आहे.

एक उदाहरण माझ्या स्वतःच्या पापाच्या वहीतून देतो. हजार वर्षांच्या युद्धाची भाषा मुळात झुल्फिकार अली भुट्टो यांची, सप्टेंबर १९६५ मधल्या सुरक्षा परिषदेतल्या भाषणातली. मार्च १९९० मध्ये काश्मीर पेटलेले असताना मुझफ्फराबादला त्यांच्या मुलीने, पंतप्रधान बेनझीर यांनी, तीच भाषा पुन्हा केली. आमच्या अंकात मी मथळा दिला: 'बेनज़ीर ने फिर ज़हर उगला'. पुढच्याच महिन्यात आपले पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह लोकसभेत म्हणाले, की हजार वर्षांच्या युद्धाची बात करणारे हजार तास तरी टिकतील का, याचा त्यांनी विचार करावा. माझा मथळा: 'वीपी की दो टूक'. सिंहांचे वाक्य चांगले होते, मला आजही आवडते. पण दोघेही युद्धाविषयीच बोलत होते ना? एकाने वर्षे मोजली, दुसऱ्याने तास. त्यात विष कुठले आणि औषध कुठले, हे मी रात्री एक वाजता, चहाचा ग्लास तोंडाला लावता लावता ठरवून टाकले होते.

हे माझ्या लक्षात आणून दिले ते आमच्या ओळखीच्या एका सिंधी गृहस्थांनी. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. फाळणीनंतर सक्खरहून इंदूरला आले, कपड्याच्या बाजारात उभे राहिले. देवनागरी त्यांना अखेरपर्यंत जड जाई. हिशेबसुद्धा अरबी वळणाच्या सिंधीत. सक्खरला मागे राहिलेले त्यांचे हिंदू नातेवाईक कधी व्हिसा मिळाला की येत, आणि येताना सामान उर्दू वर्तमानपत्रांत गुंडाळून आणत. दादा सामान बाजूला ठेवत आणि कागदाच्या घड्या हाताने सपाट करून वाचत बसत. त्या वर्षी उन्हाळ्यात असाच एक तुकडा घेऊन ते माझ्याकडे आले. "भाऊ, तुमच्या वीपींची बातमी आहे," म्हणाले. "हर्ज़ासराई लिहिलंय." मी अर्थ विचारला. दादा थोडा वेळ मराठी शब्द शोधत राहिले. "तुम्ही लोक काय म्हणता ते... बरळणं." मग त्यांनी खाली बोट ठेवून आणखी दोन शब्द वाचून दाखवले. भारताची 'गीदड़ भभकी'. पाकिस्तानचे 'मुँह तोड़ जवाब'. अक्षरशः तेच. लिपी उजवीकडून डावीकडे, एवढाच फरक. लाहोरला की कराचीला कोण जाणे, पण रात्री एक वाजता माझ्यासारखाच कुणीतरी चहा पीत बसलेला मला त्या क्षणी दिसला. मी हसलो. दादा हसले नाहीत. त्यांची सख्खी बहीण अजून सक्खरला होती.

एवढे होऊन मी सुधारलो असे मात्र नाही. नियम मोडायला लागते ती हिंमत माझ्यात नव्हती, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती. मथळा चुरचुरीत झाला की दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर, पोह्यांच्या गाडीपाशी लोक तो एकमेकांना वाचून दाखवत. त्याची एक झिंग असते.

ती उतरली २००२ मध्ये. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि आपले सैन्य सीमेवर नेऊन उभे केले गेले. ऑपरेशन पराक्रम. ते दहा महिने चालले. माझा पुतण्या सिग्नल्समध्ये कॅप्टन होता. शिक्षण महूलाच, म्हणजे घरापासून तासाभराच्या अंतरावर झालेले. तो जैसलमेरच्या बाजूला वाळूत होता. २२ मे २००२ रोजी पंतप्रधान वाजपेयी यांनी कुपवाड्यात जवानांपुढे निर्णायक लढाईची वेळ आल्याची भाषा केली. मी पानभर रुंदीचा मथळा दिला: 'अब आर-पार'. पाचच दिवसांनी मुशर्रफ दूरचित्रवाणीवर म्हणाले, की आम्हाला युद्ध नको, पण लादले तर पूर्ण ताकदीने उत्तर देऊ. त्याला दिली 'गीदड़भभकी'. (वाजपेयींच्या भाषणापेक्षा हे वाक्य खरे तर सौम्य होते. पण मुशर्रफ म्हणजे कारगिल, तेव्हा त्यांच्या तोंडचे सौम्य वाक्य हा कावाच असणार, असा आमचा हिशेब.)

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. अंक त्यांच्या हातात होता. वहिनी शिक्षिका होत्या, आवाज कधी चढवत नसत. "भाऊजी, हे 'आर-पार' तुम्हीच लिहिलंत ना?" मी हो म्हणालो. "मग तेवढं सांगा मला. आर कोण आणि पार कोण?"

मला उत्तर देता आले नाही. पुतण्या सुखरूप परतला. सगळेच परतले नाहीत. युद्ध झालेच नाही, तरी सुरुंग पेरताना आणि मग तेच सुरुंग उकरून काढताना, अपघातांत, आपले शेकडो जवान गेले. त्यांच्या बातम्या आतल्या पानावर, एक स्तंभ. त्यांना द्यायला माझ्याकडे क्रियापद नव्हते.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या ओठांवर आलेला आक्षेप मी ओळखतो. हे गृहस्थ दोन्ही देशांना एकाच तागडीत तोलताहेत. लाहोरला बस घेऊन आपण गेलो, फेब्रुवारी १९९९ मध्ये. कारगिल त्यांनी केले. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला माणसे तिकडून आली. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराध माणसे मारली गेली. तिथे सैन्य राज्य चालवते, इथे मतपेटी. हे सगळे मला मान्य आहे. पण हा कृतीचा हिशेब आहे, आणि तो कृतीच्या वहीत मांडावा, मुद्दल-व्याजासकट मांडावा. माझी तक्रार शब्दांच्या वहीविषयी आहे. ज्याने खून केला त्याला खुनी म्हणा. पण त्याने काढलेल्या शब्दाला धमकी म्हणालात, तर तोच शब्द आपल्या तोंडून आल्यावर त्याला षटकार म्हणू नका.

शिवाय हा आक्षेप धरून जरा पुढे चालले, की तो आपल्याच अंगावर येतो. अण्वस्त्रांचा पहिला वापर आपण करणार नाही, हे भारताचे धोरण जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले. पाकिस्तानने तसे वचन कधी दिलेले नाही. म्हणजे त्यांच्या मंत्र्याचे 'शोभेसाठी नाही' हे त्यांच्या धोरणाला धरूनच आहे. भयंकर आहे, पण सुसंगत आहे. विसंगत आहे ते आपले दिवाळीचे फटाके. संयमाचे धोरण ज्याचे, त्याच्या तोंडचे असंयमी वाक्य त्या धोरणालाच सुरुंग लावते. तेव्हा काळजी करायचीच तर आपण आपल्या वाक्याची अधिक करायला हवी होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना म्हणाले, की आपण स्वतःला असे बांधून का घ्यावे? लगोलग खुलासा आला, हे त्यांचे वैयक्तिक मत. आपण तो निमूटपणे घेतला. पलीकडच्या संरक्षणमंत्र्याचे वैयक्तिक मत आपण कधी घेतले आहे? तिथे तर गल्लीतल्या मौलवीचे मतसुद्धा पाकिस्तान सरकारचे असते.

पर्रीकर आपले. गोव्याचे, कोकणी-मराठीतले, साधे, स्कूटरवरून फिरलेले. त्यांच्याविषयी वाईट लिहिताना माझाही हात थबकतो. ऑगस्ट २०१६ मध्ये ते म्हणाले होते, की पाकिस्तानात जाणे म्हणजे नरकात जाणे. लोकांना ते रोखठोक वाटले. तेव्हाच इस्लामाबादहून परतलेली कन्नड अभिनेत्री, मंड्याची माजी खासदार रम्या म्हणाली, की पाकिस्तान नरक नाही, तिथली माणसे आपल्यासारखीच आहेत. तिच्यावर कोडगूत सोमवारपेटच्या न्यायालयात राजद्रोहाची खासगी तक्रार दाखल झाली, मंगळूरला तिच्या गाडीवर अंडी पडली. नरक म्हणणे हे मत, आणि नरक नाही म्हणणे हा गुन्हा!

रक्त आणि पाण्याचेही तसेच, पण तिथे मी दोन्ही बाजूंना सारखे म्हणणार नाही. 'रक्त आणि पाणी एकत्र वाहू शकत नाही' हे पंतप्रधानांचे २०१६ मधले, आणि १२ मे २०२५ ला पुन्हा उच्चारलेले वाक्य. ती अट आहे; १९६० चा सिंधू करार स्थगित करणे बरोबर की चूक, हा वेगळा वाद. बिलावल भुट्टो २५ एप्रिल २०२५ रोजी सक्खरला म्हणाले, की सिंधूतून एक तर आमचे पाणी वाहील नाहीतर त्यांचे रक्त. ही सरळ धमकी आहे आणि निंद्य आहे. मात्र त्याच न्यायाने, २६ मे रोजी भुजच्या सभेत पाकिस्तानी जनतेला उद्देशून 'सुखाने जगा, भाकरी खा, नाहीतर माझी गोळी आहेच' असे जे म्हटले गेले, ते कोणत्या खान्यात घालायचे? मी ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला त्यांनी मला बिलावलचे वाक्य ऐकवले. हे उत्तर नव्हे.

हे सारे तुम्हाला, सीमाभागातल्या वाचकांना, इंदूरहून का लिहितो आहे? कारण तुम्ही या खेळाच्या दोन्ही अंगांना राहता. माझी मावसबहीण बेळगावला, शहापुरात दिली. तिची मुले कन्नड शाळेत शिकली, म्हणून तिथला छापील कागद त्यांना वाचता येतो. मागे एकदा तिच्याकडे गेलो असताना भाच्याने मला वाचून दाखवले. मराठी पत्रात 'कानडी वरवंटा', 'मुजोरी', 'दडपशाही'. कन्नड पत्रात समितीची 'पुंडाटिके', महाराष्ट्राची 'गडी क्याते', म्हणजे सीमेची उकरून काढलेली कुरापत, आणि मराठी पुढाऱ्यांचे 'उद्धटतन'. उद्धट आणि पुंड हे शब्द मला कुणी समजावून सांगावे लागले नाहीत.

सीमाप्रश्नावर माझे मत तुमच्याहून निराळे नाही. पण २०२२ चा डिसेंबर आठवा. २२ तारखेला कर्नाटक विधिमंडळाने एकमताने ठराव केला, एक इंचही जमीन देणार नाही. २७ तारखेला महाराष्ट्राने एकमताने केला, ८६५ गावांतली इंच न् इंच जमीन घेऊ. इंच तोच. आपल्या घरांत एक ठराव आडमुठेपणा ठरला आणि दुसरा बाणेदारपणा. त्याच आठवड्यात संजय राऊत म्हणाले, चीन जसा घुसला तसे आम्ही कर्नाटकात घुसू. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये उद्धव ठाकरे यांनी 'कर्नाटकव्याप्त' शब्द वापरला, त्यावर तिथले उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी यांनी मुंबईच कर्नाटकात घालण्याची मागणी केली. सवदींचे आपण हसण्यावारी नेले, राऊतांचे टाळ्यांवारी. व्याप्त काय, घुसणे काय. हा सगळा माल पाकिस्तान-चीनसाठी मागवलेला, तो आता शेजारच्या जिल्ह्यावर खपवला जातो आहे. बस मात्र थांबते निपाणीच्या माणसाची, काळे फासले जाते तिच्या पाटीला, आणि मुंबईत नोकरीला असलेल्या धारवाडच्या पोराची आई रात्रभर जागी राहते. आर कोण आणि पार कोण, हे तुमच्या गल्लीत सांगणे तर फारच कठीण.

गेल्या वर्षीची, म्हणजे मे २०२५ ची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. ७ तारखेच्या संध्याकाळी इंदुरात दिवे घालवण्याचा सराव झाला. वहिनी आता थकल्या आहेत, आमच्याकडेच असतात. अंधारात आम्ही दोघे गच्चीत बसलो होतो. पुढल्या रात्री वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकले. सकाळी बंदर जागच्या जागी होते. दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, युद्धविराम झाला. आणि मग महू तालुक्यातल्या रायकुंडा गावच्या कार्यक्रमात मध्य प्रदेशाचे एक मंत्री, विजय शाह, पाकिस्तानला झोडपता झोडपता घसरले. त्यांनी दहशतवाद्यांवर 'त्यांच्याच समाजाची बहीण' पाठवल्याची भाषा केली. रोख कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होता. देशाला रोज कारवाईची माहिती देणाऱ्या आपल्या सैन्यातल्या अधिकारी. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला, तो इंदूर जिल्ह्यातल्याच मानपूर ठाण्यात. मंत्र्यांनी माफी मागितली, ती सर्वोच्च न्यायालयाला पटली नाही.

वहिनींनी ती बातमी दोनदा वाचायला लावली. सिग्नल्समध्येच त्यांचा मुलगा होता, कुरेशीही सिग्नल्सच्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या वेळी ही बातमी आली असती तर मथळा काय दिला असता?"

मी खरेच विचार केला. 'दो टूक' नाही, 'चेतावनी' नाही, आपल्या माणसासाठी ठेवलेल्या शब्दांतला एकही लागेना. शेवटी दुसऱ्या खान्यात हात घातला.

"बरळले," मी म्हणालो.

पाकिस्तानच्या बातमीत आपल्या बाजूच्या माणसासाठी तो शब्द मी चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वापरला. वहिनी म्हणाल्या, "हं. बसतो की."